आम्ही वाचलो ते कोणामुळे?

२०२० आणि २०२१ या दोन्ही आषाढीस संतांच्या पादुका एस. टी.च्या बसमधून पंढरीस गेल्या. सोबत मोजकीच मंडळी. बाकी लाखो वारकऱ्यांनी घरच्या घरीच टाळ वाजविले. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. त्या वारीत एका मुक्कामी, जेवणे आटोपल्यावर, आमच्या दिंडीतील एक वृद्ध विणेकरी म्हणाले, "माउली, आम्ही काही ती कोरोनाची सुई टोचून घेतली नाही. काय झालं आम्हाला? प्रारब्धात असेल तेच होतं. राखणारा पांडुरंग आहे."

चार जणांनी माना डोलावल्या. आम्ही गप्प राहिलो. 'बुवा, तुम्ही वाचलात हे तुमचे दैव,' एवढेच तोंडावर आले होते, आणि ते अपुरे होते. कारण ज्याच्या घरचे माणूस लस घेऊनही गेले, त्याने मग काय समजावे? एकट्याच्या अनुभवावरून साथीचा निवाडा होत नाही, मग तो अनुभव कोणत्या का बाजूचा असेना.

यावर विचार करू लागलो तो मुंबईच्या जुन्या प्लेगाशी येऊन ठेपलो. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे वर्षानुवर्षे उलटत राहिला. त्यांपैकी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या साथीत आठवड्याला किती माणसे दगावली, त्याचे आकडे एडिंबरा येथील कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी १९२७ साली आपल्या गणिताच्या कसोटीस घेतले. मॅकेंड्रिक हे पूर्वी हिंदुस्थानात वैद्यकीय खात्यात होते. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतील अपघातात १९२४ सालीच गेली होती. पुढचे सारे गणित त्यांनी मनातल्या मनात केले, हे ऐकून आम्हांस तर नवलच वाटले. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत माणसांत येतो, तेव्हा त्यांचा हिशोब त्या साथीला तंतोतंत लागू नव्हता, आणि हे ते जाणून होते. परंतु त्यांनी काढलेले मर्म पुढे फार उपयोगी पडले. ते असे की, साथ ओसरते तेव्हा रोग लागण्याजोगी माणसे संपलेली नसतात. पुष्कळ उरलेली असतात. वणवा विझतो तो रानातले सगळे गवत जळाल्यावरच असे नाही. मध्ये ओला पट्टा लागला की आग पुढे सरकत नाही, आणि पलीकडचे वाळलेले गवतही तसेच उभे राहते.

हिशोब साधा आहे. एक रोगी तिघांना रोग देतो असे धरा. त्या तिघांपैकी दोघांच्या अंगी आधीच प्रतिकार असेल, तर रोग एकालाच लागेल आणि साथ वाढणार नाही. गोवराचा एक रोगी मात्र, कोणीच सुरक्षित नसेल तर, बारा ते अठरा जणांना तो देतो. म्हणून तेथे शंभरात पंचाण्णव सुरक्षित असावे लागतात. उरलेले पाच वाचतात ते या पंचाण्णवांच्या आडोशाने. ते पाच जण पंचाण्णवांना ओळखतही नाहीत!

कोरोनाचे बाबतीत हे पुरते खरे ठरले नाही, हेही सांगितले पाहिजे. लस घेतलेल्यांनाही लागण झाली, त्यांच्याकडून इतरांसही झाली, आणि ओमिक्रॉन आल्यावर तर फारच. लशीने मुख्य काम केले ते आजार जिवावर बेतू न देण्याचे. तेव्हा बुवा वाचले ते लस घेणाऱ्यांमुळेच, असे छातीवर हात ठेवून आम्हांस म्हणता येत नाही. पण एकट्या प्रारब्धामुळे वाचले असे तरी कशावरून? त्यांच्या गावाने दोन वर्षे जत्रा भरविली नाही, सुनेने बाहेरून आल्यावर हात धुतले, शेजाऱ्यांनी लस घेतली. यांतले किती त्यांच्या पदरात पडले, ते कोण मोजणार?

आणि प्रारब्धाचे म्हणणे खरे मानले तरी अडचण राहतेच. माझा देह मी प्रारब्धावर सोपवीन, ठीक आहे. पण दुसऱ्याचा? आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. कीर्तनात आईच्या मांडीवर निजलेल्या सहा महिन्यांच्या पोराला ती घेताच येत नाही. टाळेबंदीच्या काळात पुष्कळ मुलांचे टोचणे राहून गेले, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडी भागात विशेष, गोवराची साथ उठली; त्यात लेकरे गेली. त्यांनी काही आपला देह कोणावर सोपविला नव्हता.

मात्र जे भितात त्यांना अडाणी म्हणून झिडकारणे आम्हांस पटत नाही. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे प्लेगाची लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. एकाच बाटलीतली लस ती. ठपका आला हाफकिन यांच्यावर, आणि ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. पुण्यात १८९७ साली सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, त्याच्या आठवणी घराघरांत कितीतरी वर्षे सांगितल्या जात. बळजबरीने टोचता येईल, पण विश्वास टोचता येत नाही. तो बसून बोलूनच यावा लागतो. आणि आम्ही तर त्या रात्री बोललोच नव्हतो!

म्हणून २०२३ च्या वारीत आम्ही आपणहून बुवांच्या शेजारी पथारी टाकली. कोरोनाचा विषय काढलाच नाही. गोवराचे सांगितले, पंचाण्णव आणि पाचाचे सांगितले. बुवा बराच वेळ वीणा पुसत बसले. मग म्हणाले, "धाकटी पणती चार महिन्यांची आहे. तिला अजून पाच महिने, म्हणजे कार्तिकीनंतरच की."

"होय."

"आणि थोरला दोन वर्षांचा. त्याचं दुसरं टोचायचं राहिलंय, सूनबाई म्हणत होती. आम्हीच म्हटलं होतं, राहू दे."

आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनी शेजारच्या पोराकडून मोबाइल मागून घेतला आणि घरचा नंबर लावायला सांगितला.