हरायला आलं पाहिजे



घरात मुलं टेनिस लावतात, तेव्हा आम्हीही बसतो. ७ जुलै २०२१ ला विम्बल्डन ८ वेळा जिंकलेला रॉजर फेडरर, चाळिशीला महिना उरला असताना, २४ वर्षांच्या हुर्काचकडून हरला. शेवटचा सेट तर ०-६. मुलं म्हणाली, "आधीच थांबायला हवं होतं!"

आम्हाला प्रश्न पडला, शिखरावर असताना थांबणं हे वैराग्य, की हरण्याची भीती? हरू नये म्हणून थांबणारा खेळ सोडतो, पण कीर्ती घट्ट धरून ठेवतो. फेडररनं २०२२ मध्ये लंडनला नदालच्या जोडीनं दुहेरी खेळून निरोप घेतला. तो सामनाही हरलाच. पण जन्मभराचा प्रतिस्पर्धी शेजारी बसून रडत होता. ही कमाई जिंकण्यातली नव्हे.

आपलंही तसंच. सुनेची पुरणपोळी आपल्यापेक्षा मऊ झाली की घशात काहीतरी अडकतं. खोटं कशाला बोला, आमच्याही अडकलं. त्या क्षणी "छान झालीय गं" हे मनापासून म्हणता येतं का? जपाची माळ किती ओढली, ते तिथे कळतं.

जय गुरुदेव 🙏