पसंतीक्रम कुणाचा?



निकालाचे दिवस आहेत. आपल्या परिवाराच्या ग्रुपवर सध्या दोनच प्रकारचे निरोप येतात. एक तर पेढ्यांचा फोटो, नाहीतर "अमुक कॉलेज कसं आहे, कुणाला माहिती?" इंदूर असो, वडोदरा असो की हैदराबाद, सगळीकडे तेच. आम्हीही विचारलं होतं आणि पुष्कळांनी आपुलकीने उत्तरं दिली. त्यांचे आभार मानायला म्हणून लिहायला बसलो, पण मनात दुसरंच काही साचलंय. सांगायला लाज वाटते. तरी ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी हीच वेळ येणार आहे, त्यांच्यासाठी सांगतो.

आमची धाकटी लेक यंदा पीयूसी सायन्स पास झाली. (बाहेरगावच्यांसाठी: आमच्या बेळगावात बारावीला पीयूसीचं दुसरं वर्ष म्हणतात.) कर्नाटकात इंजिनिअरिंगचा रँक पीयूसीचे निम्मे आणि सीईटीचे निम्मे गुण धरून लागतो. रँक आला की ऑप्शन एन्ट्री. कॉलेज आणि ब्रँच यांच्या जोड्या आवडीच्या क्रमाने भरायच्या. मशीन ती यादी वरून खाली वाचत येतं, तुमच्या रँकला जी पहिली जागा बसते ती देतं आणि खालचं सगळं सोडून देतं. म्हणजे यादीत काय आहे यापेक्षा वर काय आहे, याला महत्त्व.

तिने पहिला नंबर बेंगळूरच्या एका जुन्या सरकारी कॉलेजला दिला. ब्रँच सिव्हिल. आम्ही म्हणालो, बाळ, बेंगळूर आपल्याला झेपणार नाही, पैशाची ओढाताण आहे. ती गप्प बसली. तिची आत्या म्हणाली, "मुलीनं उन्हात साइटवर उभं राहायचं का?" त्यावरही गप्प. यादी मात्र तिने बदलली नाही.

रात्री ती झोपल्यावर आम्ही लॉगिन केलं. पासवर्ड आमच्याकडे, मोबाईल नंबर आमचा. एकाने ओटीपी वाचला, दुसऱ्याने टाकला. गावातल्याच एका खाजगी कॉलेजचं कॉम्प्युटर सायन्स पहिल्या नंबरावर नेलं आणि बेंगळूर नवव्यावर. पाच मिनिटांचं काम. मग देवाला नमस्कार करून झोपलो. झोप लागलीही, हेसुद्धा सांगायला हवं.

आता आम्ही चुकलो ते नेमकं कुठे? मुलांना त्यांच्या मनासारखं करू द्यावं, असं हल्ली सगळेच म्हणतात. आम्हाला ते पुरतं पटत नाही. सतराव्या वर्षी मन म्हणजे काय असतं? अर्धं मैत्रिणीचं, पाव मोबाईलवरच्या रीलचं, उरलेलं आपलं. तिची जिवाची मैत्रीण बेंगळूरला जाणार होती, हे आम्हाला मागाहून कळलं. तिने सांगितलं नव्हतं, कारण "म्हणजे मैत्रिणीसाठी जातेस होय?" असं आम्ही म्हणणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. लपवालपवी दोन्हीकडून चालू होती. आणि "तुझं तू बघ" म्हणून हात झटकणं हेही काही मोठेपणाचं नाही. ओळखीच्या एका घरी मुलावर सगळं सोडलं आणि पहिल्या वर्षी तो नापास झाल्यावर "तूच निवडलं होतंस ना?" असं ऐकवलं. हे स्वातंत्र्य कसलं, हा तर हिशेबाचा कागद आधीच करून ठेवणं झालं.

तिसरी वाट आपल्या लोकांना जास्त ओळखीची. देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या, किंवा यादी घेऊन महाराजांपुढे जायचं. आम्हीही गेलो होतो. महाराजांनी कागद बाजूला ठेवला आणि लेकीला एवढंच विचारलं, "झोप लागते का ग?" ती म्हणाली, "नाही." आम्ही त्याचा अर्थ परीक्षेचा ताण असा लावला आणि प्रसाद घेऊन घरी आलो. काय विचारलं होतं ते आता कळतंय.

गीतेच्या अठराव्या अध्यायात शेवटाकडे भगवंत अर्जुनाला काय म्हणतात, ते आपण पारायणात दरवेळी वाचतो. सगळं सांगून झालं, आता पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. साक्षात भगवंत, समोर सैन्य उभं, वेळ तर अजिबात नाही, तरी लगाम हातात असलेल्या सारथ्याने निर्णय अर्जुनाच्या हाती दिला. आम्ही मात्र ओटीपी हातात आला म्हणून रथच वळवला. आणि सत्संगात 'माझं माझं' सोडायच्या गोष्टी ऐकताना मान डोलावणारेही आम्हीच.

पण त्या श्लोकात आमचं लक्ष आता दुसऱ्या अर्ध्यावर जातं. 'वाटेल तसं कर' याच्या आधी 'सगळं सांगून झालं' आहे. आमच्याकडे ते झालंच नव्हतं.

कर्नाटकात खऱ्या वाटपाआधी एक मॉक अलॉटमेंट येतं. नुसतं दाखवण्यापुरतं, त्यानंतर यादी बदलता येते. ते आलं त्या दिवशी लेक स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "बाबा, मशीननं काय तरी चूक केलीय बघा." तिच्या मनात आईबापाआधी मशीनचा संशय आला होता. "असेल असेल, मशीनच ते" हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. ते बोललो असतो तर हा लेख लिहायची वेळच आली नसती, आणि त्या खोट्यावर आमचं घर पुढची चाळीस वर्षं सुखाने चाललंही असतं. या विचाराने अजून अंगावर काटा येतो. कुणी आधी तोंड उघडलं ते महत्त्वाचं नाही. सांगितलं.

ती रडली नाही. तिने दोन गोष्टी विचारल्या. पैशाचं खरं होतं का? आणि दादाच्या वेळी?

दादाच्या वेळी आम्ही काय केलं होतं? सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशात सोय आहे. त्यासाठी मातृभाषेचा आणि रहिवासाचा दाखला गोळा करत आम्ही महिनाभर कचेऱ्या हिंडलो आणि मुलाला हौसेने पुण्याला सोडून आलो. मुलासाठी महिना, मुलीसाठी रात्रीची पाच मिनिटं. आणि पैशाचं म्हणाल तर सरकारी कॉलेजची फी गावातल्या खाजगी कॉलेजपेक्षा कमीच. थोडी रक्कम तिच्या नावाने बँकेत आहेही. ती 'लग्नासाठी' आहे.

खरी गोष्ट भीतीची होती. पाचशे किलोमीटर, रात्रभराची गाडी, हॉस्टेल, आपली माणसं नाहीत, लोक काय म्हणतील. आणि या सगळ्याखाली दडलेली एक साधी गोष्ट, की ती गेली की घरात आम्ही दोघंच उरणार. हे तिला सांगायला लाज वाटली म्हणून पैसे पुढे केले. पैशाचं कारण सभ्य असतं, त्याला कुणी उत्तर देत नाही.

आमचा गुन्हा तिथे झाला असं आता वाटतं. यादी बदलली हे वाईटच, पण त्याच्या कितीतरी आधी आम्ही तिचं बोलणं बंद केलं होतं. भीती सांगितली असती तर तिला वाद घालता आला असता. थापेशी कुणी काय वाद घालणार? आणि झालंही तसंच. खरं सांगितल्यावर ती तासभर भांडली. राणी चन्नम्मा एक्सप्रेस संध्याकाळी किती वाजता सुटते इथपासून तिच्याकडे उत्तरं तयार होती. काहींना नव्हती. तेव्हा म्हणाली, "भीती मलापण वाटते." मैत्रिणीचंही तेव्हाच बाहेर आलं.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. गोपाळरावांनी त्यांना शिकवलं ते हट्टाने, जाच करून, हेही आपण वाचलंय. पण अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात (आपलं नगरचं श्रीरामपूर नव्हे) लोकांपुढे उभं राहून आपण का जातो याची कारणं त्यांनी स्वतः सांगितली. तेव्हा त्या आमच्या लेकीच्याच वयाच्या होत्या. इच्छा आधी नवऱ्याची असेल, कारणं मात्र त्यांची झाली होती. आमच्या लेकीने गावातल्या कॉलेजात प्रवेश घेतला असता, तर कुणी विचारल्यावर तिने काय कारण सांगितलं असतं? मशीनची चूक?

यादी मग तिनेच भरली. आम्ही दोन्ही बाजूंना बसलो होतो. बेंगळूर पहिलं, हुबळी दुसरं, गावातलं तिसरं, तिन्हीकडे सिव्हिल. कॉम्प्युटर सायन्स यादीत कुठेतरी असावं एवढं आमचं म्हणणं तिने ऐकलं, सहाव्या नंबरावर.

पहिल्या फेरीत तिला गावातलं कॉलेज लागलंय. आम्हाला जे हवं होतं ते जवळजवळ तसंच मिळालं आणि आनंद म्हणावा तसा झाला नाही. तिने ही जागा हाती ठेवून वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत थांबायचं ठरवलंय. हे लिहितोय तेव्हा दुसरी फेरी यायची आहे. पासवर्ड तिने बदललाय, आम्ही विचारलेला नाही. ओटीपी मात्र अजून आमच्याच मोबाईलवर येतो. आला की तिला हाक मारायची, एवढं काम आमच्याकडे राहिलंय.

— बेळगाव केंद्रातील एक कुटुंब