'येते' या शब्दाचे ऋण

लातूर-नांदेडकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हटले, तर वडीलधारी बाई उंबरठ्यातच अडवते, "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं." शिक्षणाच्या देवाणघेवाणीत परदेशी कुटुंबात वर्ष काढलेल्या मुलीला मात्र अखेरच्या आठवड्यांत हाच शब्द जड होतो. सामान बांधले जाते, पत्ते उतरवून घेतले जातात. पुन्हा भेट होण्याचा संभव थोडा, हे दोन्हीकडे ठाऊक असते. मग 'येते' म्हणणे असत्य ठरत नाही काय?

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. पत्रांतूनच ओळख झालेल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना लेकीप्रमाणे घरात घेतले. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. ऑक्टोबरात, क्षयाने खंगलेल्या अवस्थेत, त्यांनी त्या घराचा निरोप घेतला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांच्या कौटुंबिक दफनभूमीत विसावली.

परत जाणे आनंदीबाईंच्या हाती उरले नव्हते. जडलेले नाते मात्र खरे होते. 'येते' म्हणजे ज्या घरचे मीठ खाल्ले, त्याचे ऋण मान्य करणे. ते फेडायला तिकीट लागत नाही. आठवणीने लिहिलेले पत्र लागते. आणि उद्या आपल्या दारी एखादे परके लेकरू आले, तर त्याच्यासाठी ताटात वाढलेली भाकरी लागते. एवढेही जो करीत नाही, त्याचेच 'येतो' खोटे.