तोंड नाही, पोट नाही, तरी उपाशी नाही

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 15, श्लोक 12 ते 14



या तीन श्लोकांचा क्रम बघा. आधी भगवंत सांगतात, सूर्यातलं तेज माझं. मग, पृथ्वीत शिरून सगळ्या जीवांना मीच धरून ठेवतो. आणि शेवटी, प्राण्यांच्या देहात जठराग्नी होऊन अन्न पचवणाराही मीच. मी आजवर पहिल्या श्लोकावरच थांबायचो. सूर्य आहे, धान्य पिकतं, पोट भरतं. संपलं! पुढचे दोन समजले ते समुद्राच्या तळामुळे.

1977 मध्ये गॅलापागोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ पाणबुडीतून शास्त्रज्ञ सुमारे 2,500 मीटर खोल उतरले. गेले होते भूगर्भाचा अभ्यास करायला. मोहिमेत जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. तिथे मिट्ट काळोखात, तळाच्या भेगांतून येणाऱ्या गरम पाण्याभोवती जीवांची दाटी! त्यातच होते नळीत राहणारे, लालभडक तुऱ्याचे कृमी, माणसाहूनही उंच वाढणारे. पूर्ण वाढलेल्या कृमीला तोंड नाही, आतडं नाही. मग खातो काय?

1981 मध्ये कॉलीन कॅव्हनॉ आणि सहकाऱ्यांनी उत्तर मांडलं: त्याच्या देहातच जिवाणू राहतात. भेगांतून येणारा हायड्रोजन सल्फाइड आपल्याला विषारी. हे जिवाणू त्यातूनच ऊर्जा घेऊन अन्न बनवतात आणि कृमीला पोसतात. पृथ्वीच्या पोटातून आलेलं बळ, आणि देहाच्या आत बसलेला पोशिंदा. ज्याला जठरच नाही, त्याचीही सोय आहे.

हे आज का लिहितोय? दोन महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली. रात्री तीनला उठून ईएमआयचे हिशेब करायचो. पगार थांबला म्हणजे पोसणाराच थांबला, असं मनाने धरलं होतं. पगार हा एक मार्ग होता, पोशिंदा नव्हता. मी दोघांत गल्लत केली.

पण म्हणून हातावर हात ठेवून बसायचं का? तो कृमीही बसत नाही. तुऱ्याने ऑक्सिजन आणि सल्फाइड ओढून रक्तातून आत पोचवणं, हे त्याचं काम. तेवढं तो करतो.

नोकरी अजून मिळालेली नाही. गीता तशी हमीही देत नाही. पण काल रात्री झोप लागली.

आजचा संकल्प : आपल्या वाट्याचं एक काम मनापासून करायचं, आणि झोपताना हिशेब त्याच्या हवाली करायचा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥