दुसऱ्यांच्या पायांतला खेळ

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, यावरून वाद पेटतो. तेव्हा परिव्राजिका कौशिकी एक भेद सांगते. कुणाची विद्या स्वतःच्या अंगी शोभते, कुणाला ती दुसऱ्यात उतरवता येते. ज्याला दोन्ही साधते त्याला शिक्षकांत अग्रस्थान द्यावे. भारतीय फुटबॉलला ही कसोटी लावायची तर मला सर्वांत आधी प्रदीपकुमार बॅनर्जी आठवतात. लोकांचे पीके, खेळाडूंचे प्रदीपदा.

1936 साली जलपायगुडीत जन्म, पुढची वाढ जमशेदपूरची. मुंबईच्या टाटा संघातल्या नेव्हिल डिसोझाने 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, त्या संघात उजव्या बगलेवर विशीतले पीके होते. चार वर्षांनी रोमला ते कर्णधार होते आणि फ्रान्सशी झालेल्या 1-1 बरोबरीत भारताचा गोल त्यांचाच होता. तरीही मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या प्रतिस्पर्धी क्लबांची जर्सी त्यांनी खेळाडू म्हणून कधी घातली नाही. नोकरी रेल्वेची, म्हणून संघही ईस्टर्न रेल्वेचा. त्या संघाने 1958 मध्ये कलकत्ता लीग जिंकली, तेव्हा मातब्बर क्लबांच्या चाहत्यांना तो धक्काच होता.

त्यांच्यातल्या प्रशिक्षकाची मुळे मला 1962 च्या जकार्तात दिसतात. यजमानांनी इस्रायल आणि तैवानला आशियाई स्पर्धेबाहेर ठेवले. भारताच्या गुरुदत्त सोंधींनी त्याला विरोध केला आणि तिथले प्रेक्षक भारतीयांवर संतापले. त्या कोलाहलात दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना खेळायचा होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, मूळचे हैदराबादचे शाळामास्तर, कर्करोगाने पोखरले होते. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला त्यांनी बचावातून काढून आघाडीला खेळवले. पहिला गोल पीकेंचा, दुसरा जर्नेलचा. भारत 2-1 ने जिंकला. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब गेले. मरणाच्या छायेतला माणूस मैदानाबाहेर बसून अकरा जणांच्या शरीरात बळ भरतो, हे पीकेंनी स्वतःच्या शरीरावर अनुभवले होते. प्रशिक्षणाचा याहून खोल पाठ कोणत्या वर्गात मिळाला असता, असे मला वाटत नाही.

1967 मध्ये त्यांनी खेळणे थांबवले. 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जी. एम. एच. बाशांच्या जोडीने त्यांनी घडवलेल्या संघाला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत भारतीय फुटबॉलला पदक मिळालेले नाही. 1972 पासून ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या सामन्यापूर्वीच्या बोलण्याला ‘व्होकल टॉनिक’ हे नाव पडले. विंगरला स्वतःच्या पायांत जे सहज सापडते, ते दुसऱ्याच्या पायांत ओतण्याचा मार्ग शेवटी वाणीचाच. कुणाला चुचकारायचे, कुणाला डिवचायचे, कुणापाशी गप्प बसायचे, हे माणसागणिक ठरते. म्हणून ही निव्वळ बडबड होती असे समजणाऱ्यांशी माझे पटत नाही.

या वाणीचे सामर्थ्य मला अस्वस्थही करते. 1975 च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला 5-0 असे लोळवले. त्या पराभवानंतर बागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिला. पुढच्याच वर्षी पीके त्याच बागानचे प्रशिक्षक झाले आणि लीगच्या सामन्यात महंमद अकबरने ईस्ट बंगालवर अवघ्या 17 सेकंदांत गोल केला. काल या रंगासाठी पेटणारा शब्द आज त्या रंगासाठी पेटतो, त्यात लबाडी होती का? मला तसे वाटत नाही. त्यांची निष्ठा समोर बसलेल्या अकरा जणांशी होती. तोच बागान संघ 1977 मध्ये ईडन गार्डन्सवर पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसशी 2-2 बरोबरीत सुटला, काही दिवसांत ईस्ट बंगालला हरवून शील्ड जिंकला आणि त्याच हंगामात ड्युरँड व मुंबईचा रोव्हर्स चषकही घेऊन गेला.

1997 च्या फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात पीके पुन्हा ईस्ट बंगालचे प्रशिक्षक होते आणि समोर अमल दत्तांचा बागान होता. दत्तांची ‘डायमंड’ रचना तेव्हा सगळीकडे गाजत होती आणि ईस्ट बंगालच्या खेळाडूंना त्यांनी शब्दांनी डिवचलेही होते. सॉल्ट लेकला सव्वा लाखाहून जास्त माणसे जमली. ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकले, त्यात भाइचुंग भूतियाचे तीन गोल. दत्तांचा अभ्यास कमअस्सल नव्हता. रचनेवर एवढे चिंतन करणारे प्रशिक्षक आपल्याकडे फार थोडे झाले. पण दुखावलेल्या माणसाचे काय करायचे, हे त्या दिवशी पीकेंना अधिक कळले होते.

सुभाष भौमिक संपला, असे लोक म्हणत होते तेव्हा पीकेंनी त्याला ईस्ट बंगालमध्ये पुन्हा उभे केले. तोही पुढे प्रशिक्षक झाला. 2003 मध्ये त्याच्या ईस्ट बंगालने आसियान क्लब स्पर्धा जिंकली, तीही जकार्तात, रहीमसाहेबांच्या संघाने सुवर्ण जिंकले होते त्याच स्टेडियममध्ये.