वय सांगणारा कागद

आमच्या भावकीतले एक आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जाऊन आले होते. १९४१ साली भरती झाले तेव्हा त्यांचं वय अठरा, असं लष्कराच्या कागदावर आहे. त्यांची थोरली बहीण मात्र शेवटपर्यंत एकच सांगायची, "शाहू महाराज गेलं, त्येच्या चौथ्या पावसाळ्यात झालाय त्यो." कोल्हापूरचे राजर्षी शाहू ६ मे १९२२ ला गेले. चौथा पावसाळा म्हणजे १९२५. पलटणीत नाव लागलं तेव्हा पोरगं फार तर सोळा वर्षांचं होतं.

त्यांचं नाव इथं देत नाही. हे त्यांच्या एकट्याचं नाही म्हणून. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी घ्या, साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी घ्या. पिढ्यान् पिढ्या फौजेत माणसं पाठवणाऱ्या गावांत जुन्या बायकांशी बोलत बसलं की असा एखादा हिशेब निघतोच. कुणी मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साली रांगत होता, कुणी प्लेगात पाळण्यात होता. वर्षं अशी साथींवरून, दुष्काळावरून आणि राजाच्या मृत्यूवरून मोजली जात. जन्मनोंदणी सगळ्यांना सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्यानं. त्याआधीच्या खेड्यातल्या पोराला वय होतं, पण बहुतेक वेळा त्याचा कागद नव्हता.

भरतीच्या वेळी उंची बघत, छाती मोजत, दात बघत. आपल्या कोल्हापूर भागात तर गल्लोगल्ली तालीम. पहाटे उठून जोर-बैठका मारणारं, लाल मातीत घुमलेलं पंधरा वर्षांचं अंग अठराचं दिसायला वेळ लागत नाही. भरती करणाऱ्याला माणसं हवी असत आणि पोराच्या घरी दर महिन्याची मनिऑर्डर हवी असे. कोरडवाहू दोन एकरांत पाच भाऊ, त्यांतला एक पगारी झाला तर उरलेल्यांची भाकरी सुटते. अशा घरात कुणी खोटं बोललं असं मला म्हणवत नाही. विचारलं गेलं, अठरा? वडील हो म्हणाले. प्रश्न तिथंच संपला.

पहिल्या महायुद्धात लंडनच्या एका आईला मात्र हा प्रश्न पुन्हा उघडता आला. सिडनी लुईस हा तिचा मुलगा १९१५ च्या ऑगस्टमध्ये बारा वर्षांचा असताना सैन्यात शिरला आणि तेराव्या वर्षी सोमच्या लढाईत उभा होता. आईला पत्ता लागला तेव्हा तिनं त्याचा जन्मदाखला युद्धखात्याकडे पाठवला. १९१६ मध्ये पोरगं घरी आलं. ब्रिटनमध्ये अशी अल्पवयीन पोरं हजारोंनी होती, त्यांच्यासाठी पार्लमेंटात भांडणारे सभासद होते. त्याच साम्राज्याच्या त्याच युद्धात मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशी लढत होत्या. त्यांत कुणी पंधरा-सोळाचा असेल, तर त्याच्या आईनं काय पाठवायचं होतं? चौथा पावसाळा कुठल्या पाकिटात घालायचा?

याच वर्षांत कोल्हापुरात दुसरी एक गोष्ट घडत होती. शाहू महाराजांनी ब्रिटिशांना युद्धासाठी माणसं मिळवून दिली, हे खरं आहे. आणि त्याच महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, हेही खरं आहे. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. शाळेच्या पटावर नाव चढलं की मास्तर जन्मतारीख लिहीत. ती बहुतेक वेळा अंदाजाची असे, पुढं तर महाराष्ट्रात निम्मी पोरं १ जूनची वाटावीत इतकी. पण अंदाजाची का होईना, कुळवाड्याच्या पोराला कागदावर वय मिळालं ते शाळेमुळे. लहान वयात बंदूक हातात येऊ नये यासाठी शाळेच्या त्या पटाइतकं काम दुसऱ्या कशानं केलं असेल असं मला वाटत नाही.

आपण मराठी माणसं शौर्य सांगताना वय फार लवकर विसरतो. जनकोजी शिंदे पानिपतात मारला गेला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी, १० जानेवारी १७६० ला, बुराडी घाटावर चुलता दत्ताजी मारला गेला आणि हा पोर स्वतः जखमी झाला. दर १४ जानेवारीला, पानिपतच्या दिवशी, आपण त्याचं नाव अभिमानानं घेतो आणि घ्यावंच. पण ते दहावीत बसायच्या वयाचं मूल होतं, हे त्याच दमात कुणी म्हणत नाही.

स्वतंत्र भारताच्या लष्करानं मुलं घेतली, ती बॉईज बटालियनमध्ये. तिथं शिक्षण होतं, खेळ होता. इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर असेच कोवळ्या वयात गेले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या तेव्हा ते विशीचे होते, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक त्यांनी आणलं. २००५ मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांना लेखी कळवलं, की भरती सोळाव्या वर्षापासून होऊ शकेल, पण अठरा पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही लढाईच्या क्षेत्रात पाठवणार नाही. अग्निवीर साडेसतरा वर्षांचा घेतात, अठराच्या आतल्याला आई-वडिलांची सही लागते. ती सही म्हणजे आईला शंभर वर्षं उशिरा मिळालेला अधिकार आहे.

मागच्या पोरांसाठी एवढं तरी करता येईल. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं गावोगाव दगड बसवले. इतके पुरुष गेले, इतके मेले, एवढंच त्यांवर आहे. नाव नाही, वय नाही. तुमच्या घरच्या ट्रंकेत पणजोबांचं डिस्चार्ज बुक असेल तर ते बाहेर काढा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, ते कोणत्या साली झाले, कोणत्या साथीत, कोणत्या पावसाळ्यात. मिळेल तो हिशेब तारीख टाकून लिहा, त्यावर सांगणाऱ्याचं नाव लिहा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. आमच्या आजोबांच्या बहिणीचं सांगणं मी असंच लिहून दिलं आहे.