आधी खरवड, मग रंग



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या सहाव्या श्लोकावर. जो हातपाय आवरून बसतो पण मनात विषयच घोळवत राहतो, त्याला भगवंत ‘मिथ्याचारी’ म्हणतात. हा श्लोक मी कितीदा वाचला असेल! समजला मात्र यंदाच्या मे महिन्यात, एका जुन्या होडीमुळे.

भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या काठी आमचं गाव. डोंगर ओलांडला की वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. १९२०च्या दशकात वेळवंडी नदीवर हे धरण झालं. आमच्याकडे पलीकडच्या काठाला जायचं तर आजही होडी जवळची. उन्हाळ्यात नीरेच्या कालव्यांना पाणी सोडतात, धरण खाली जातं आणि होड्या गाळात टेकतात. डागडुजी करायची ती तेव्हाच.

आम्ही गावचं घर दुरुस्त करत होतो. पडवीत आजोबांची फायबरची होडी पडून होती. खिडक्यांचा निळा ऑइलपेंट उरलेला. एका दुपारी मी होडी पुसली आणि फासला रंग. काय चकाकली म्हणून सांगू! लगेच फोटो स्टेटसला.

संध्याकाळी काका आले. काही न बोलता बोटाच्या पेराने होडी वाजवत गेले. टण, टण, टण... आणि तळाशी एका जागी ‘बद्द’. आत थर सुटले होते, पाणी मुरलं होतं. काका एवढंच म्हणाले, “हिच्यात तुझ्या आईला बसवून पलीकडे नेशील का रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून उलटं काम सुरू. तोंडाला मास्क लावून सगळा रंग पॉलिश पेपरने घासून काढला. सुटलेला भाग पक्का थर लागेपर्यंत खरवडला, धुतला आणि कितीतरी दिवस नुसता वाळू दिला. तो काळ सगळ्यात कठीण, कारण हाताला काम नसतं आणि पाऊस जवळ येत असतो. मग रेझिनमध्ये हार्डनर मिसळून काचेच्या मॅटचे थर दिले, घासून सपाट केले, प्रायमर लावला. रंग सगळ्यात शेवटी.

घासताना एक गोष्ट टोचत होती. घराच्या वाटणीवरून माझं आणि दादाचं आठ महिने बोलणं बंद होतं. त्याच आठ महिन्यांत मी इथे क्षमेवर लिहिलं, तुम्ही ‘सुंदर’ म्हणालात, मी हात जोडले. वरून चकाकत होतो. काकांनी मला वाजवलं असतं तर कुठे ‘बद्द’ आवाज आला असता, ते मला पक्कं माहीत होतं.

भगवंत मात्र आपल्याला मिथ्याचारी म्हणून सोडून देत नाहीत. पुढच्याच श्लोकात वाट दाखवतात: मनाने इंद्रियं आवर, आसक्ती सोड आणि हाताने कर्म कर. म्हणजे लपवू नकोस, कामाला लाग.

होडी सुलटी करायला दोन माणसं लागतात. काकांची कंबर धरलेली. मी दादाला फोन केला. “होडी उलटायचीय, येतोस?” पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “रविवारी येतो.”

तो आला. वाटणीचा विषय अजून मिटलेला नाही, खोटं कशाला सांगू? पण आता तो उघड्यावर आहे, वाळतोय. आणि आई त्या होडीतून पलीकडे जाऊन आली.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माउली सांगतात, की भक्तांना संसारातून तारायला भगवंत आपल्या नामांच्याच नावा करतो. त्या नावेला रंगाची गरज नाही. खरवडायचं असतं ते आपल्याला.

आजचा अभ्यास : जपाला बसण्याआधी स्वतःला एकदा वाजवून बघा. जिथे ‘बद्द’ ऐकू येईल, तिथल्या माणसाला आज एक फोन करा.

राम कृष्ण हरी!